आखूड हौद्याची पिकअप आणि फिफ्थ व्हील: हिच घेण्याआधी काय मोजायचं

अमेरिकेत आरव्हीच्या (चाकांवरच्या घराच्या) नादी लागलेल्या आपल्या मंडळींचा क्रम बहुधा उलटा असतो. आधी पिकअप घरी येते. ती चार दारांची असते, मागे मुलांच्या सीट नीट बसतात आणि पार्किंगमध्ये अडचण नको म्हणून हौदा आखूड घेतलेला असतो. पुढे कुठल्या तरी कॅम्पग्राउंडवर शेजाऱ्यांचा फिफ्थ व्हील ट्रेलर आतून बघायला मिळतो आणि घरात सगळ्यांनाच तो हवा होतो. हिचची, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या साधनाची, आठवण सगळ्यात शेवटी येते. विक्रेता म्हणतो, "काही काळजी नको, स्लायडर (मागेपुढे सरकणारा हिच) लावून देऊ." लावूनही देतो. पण तो स्लायडर तुमच्या गाडीला आणि तुमच्या ट्रेलरला पुरतो का, हे तुम्हीच मोजायचं असतं. कंपनी कोणती हा प्रश्न त्यानंतरचा.

हे प्रकरण नवीन असेल तर उरणकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर डोळ्यांसमोर आणा. ट्रेलरच्या पोटाखाली एक जाड खुंटी असते, ती किंगपिन. पुढच्या ट्रॅक्टरच्या पाठीवरच्या तव्यासारख्या पाट्यात ती अडकते. तिथे दोन्हींच्या मध्ये मोकळी जागा भरपूर असते. पिकअपमध्ये हाच पाटा, म्हणजे हिच, हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या वर बसतो. आरव्हीचा किंगपिन 2 इंच व्यासाचा असतो. बंपरला अडकवलेल्या ट्रेलरपेक्षा ही जोडणी रस्त्यावर फार शांत चालते, कारण ओझं गाडीच्या शेपटाला न लटकता ॲक्सलवर पडतं. अडचण एकच: ट्रेलरचं नाक केबिनच्या पाठीशी येऊन उभं राहतं, आणि आखूड हौद्यात तिथे जागा नसते.

आधी दारावरचं स्टिकर

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर पिवळी-पांढरी पट्टी दिसते. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये, असं तिच्यावर लिहिलेलं असतं. हा तुमच्या गाडीचा पेलोड, नेमक्या तुमच्याच गाडीचा. जाहिरातीतला आकडा सगळ्यात हलक्या मॉडेलचा असतो. सनरूफ, चारचाकी ड्राइव्ह, डिझेल इंजिन यांतलं जे जे तुम्ही घेतलंत, ते स्टिकरवर त्यातून वजा झालेलं असतं.

फिफ्थ व्हीलमध्ये ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा किंगपिनवर येतो. कधी 15 टक्के, कधी 25, पण हिशेबाला 20 धरा. समजा ट्रेलरचं कमाल अनुमत वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, 12,000 पौंड (सुमारे 5,440 किलो) आहे. पिनवर 2,400 आले. हिचचे 250. चार माणसांचे 600. हौद्यात जनरेटर, हत्यारं, लाकडं मिळून 150. बेरीज 3,400 पौंड. आता स्टिकर बघा. एफ-150, सिल्वराडो 1500, रॅम 1500 या वर्गातल्या चार दारांच्या गाड्यांवर 1,400 ते 1,900 असे आकडे नेहमी दिसतात. पाऊण टनी म्हणवणाऱ्या (एफ-250, 2500 वर्गातल्या; ही टनांची नावं नुसती नावंच) डिझेल गाड्याही कित्येकदा 2,000 ते 2,800च्या मध्येच अडकतात. हे ओझं निवांत पेलणारी गाडी बहुधा एक टनी (एफ-350, 3500) वर्गातली निघते.

विक्रेता "टोइंग कपॅसिटी"चा आकडा सांगेल. तो खरा असतो, पण फिफ्थ व्हीलच्या बाबतीत पेलोड त्याच्या बराच आधी संपतो. शिवाय ट्रेलरच्या माहितीपत्रकातलं "ड्राय पिन वेट" बॅटरी, गॅस, पाणी, भांडीकुंडी यांच्याशिवायचं असतं. पाण्याच्या एका गॅलनचे 8.3 पौंड होतात. पुढच्या बाजूला कपाटं आणि सामानाचा कप्पा असेल, आणि बहुतेक मॉडेलमध्ये असतोच, तर त्यातलं बरंचसं ओझं थेट पिनवर येतं.

बेरीज स्टिकरच्या पुढे जात असेल तर इथेच थांबा आणि ट्रेलर लहान बघा. हिच बदलून हा प्रश्न सुटत नाही. मागच्या स्प्रिंगांना हवेच्या पिशव्या लावल्या की गाडी सरळ दिसते, पण स्टिकरवरचा आकडा तेवढाच राहतो.

मग टेप

हौद्याची लांबी सगळ्यांना पाठ असते: 8 फुटी लांब, साडेसहाच्या आसपासचा आखूड, साडेपाचच्या आसपासचा अतिआखूड. हिचसाठी मात्र ही लांबी अर्धीच उपयोगाची. आपल्याला हवं आहे मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून केबिनच्या पाठीपर्यंतचं अंतर.

गाडी सपाट जागी लावा. मागच्या चाकाच्या मध्यावरून ओळंबा धरून ती रेषा हौद्याच्या कडेवर खडूने आखा. दुसऱ्या बाजूलाही तसंच करा. दोन खुणांमध्ये दोरी ताणली की ॲक्सल कुठे आहे ते हौद्यात दिसतं. त्या दोरीपासून केबिनच्या मागच्या काचेपर्यंत, म्हणजे सगळ्यात मागे आलेल्या भागापर्यंत, मोजा. हौद्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत मोजू नका, भिंत आणि केबिन यांच्यात फट असते. वर ब्रेकचा तिसरा दिवा किंवा कॅमेरा बाहेर आला असेल तर तिथपर्यंत धरा. हौद्यात टूलबॉक्स किंवा जादा डिझेलची टाकी असेल तर तिची उंचीही लिहून ठेवा, कारण ट्रेलरचं नाक तिच्यावरून फिरणार आहे.

साडेसहा-पावणेसात फुटी हौद्याच्या मोठ्या पिकअपमध्ये हे अंतर 40 इंचांच्या आसपास येतं. 8 फुटी हौद्यात ते पंधरा-सोळा इंचांनी वाढतं. साऱ्या भानगडीचं मूळ या पंधरा-सोळा इंचांत आहे.

काटकोनाचं गणित

अमेरिकेत ट्रेलरची रुंदी 96 किंवा 102 इंच असते. 102च्या ट्रेलरचा अर्धा भाग 51 इंच. ट्रेलर गाडीशी काटकोनात वळला की त्याची अख्खी बाजू केबिनच्या पाठीला समांतर येते, आणि पिनपासून ती बाजू 51 इंचांवर असते. तुमच्याकडे जागा 40. म्हणजे 11 इंच ट्रेलर केबिनमध्ये.

काटकोनापर्यंत जायचीही गरज नाही. नाक चौकोनी असेल आणि पिन नेमका नाकाच्या रेषेत असेल, तर 40 इंचांच्या गाडीत ट्रेलरचा कोपरा साधारण 52 अंशांवरच काचेला भिडतो. पिन नाकाच्या 12 इंच पुढे काढलेला असेल, म्हणजे पिनबॉक्स (पिन धरणारा ट्रेलरचा पुढचा भाग) लांब असेल, तर हा आकडा 63 अंशांपर्यंत जातो. बरंच बरं, पण काटकोन तरीही जमत नाही, कारण तिथे पुन्हा रुंदीचा अर्धाच मोजला जातो. "लांब पिनबॉक्स आहे, आता चिंता नाही" हे वाक्य म्हणूनच अर्धवट खरं आहे.

नव्या बऱ्याच ट्रेलरांच्या नाकाचे कोपरे आत घेतलेले किंवा गोल केलेले असतात. त्यांत सुटका खरंच वाढते, आणि काही उत्पादक स्लायडरशिवाय आखूड हौद्यात काटकोन जमेल असं सांगतात. ते तुमच्या गाडीवर खरं ठरेल का, हे ट्रेलरवर मोजून ठरवा: किंगपिनच्या मध्यापासून नाकाच्या प्रत्येक उठलेल्या कोपऱ्यापर्यंतचं सर्वात मोठं अंतर किती? ते केबिनपर्यंतच्या अंतरापेक्षा 4 इंचांनी तरी कमी असलं पाहिजे. हे 4 इंच उगीच नाहीत. गाडी खड्ड्यात आणि ट्रेलर चढावर असला की नाक वरून पुढे झुकतं आणि सपाटीवर दिसलेली फट नाहीशी होते.

इतका कोन लागतो तरी कुठे? हायवेवर कधीच नाही. लागतो कॅम्पग्राउंडमध्ये झाडांच्या मधून उलटा घालताना, पेट्रोल पंपावर फसल्यावर, घरासमोरच्या अरुंद गल्लीत. थोडक्यात, तुम्ही सगळ्यात गोंधळलेले असता तेव्हा. नवशिक्याचं लक्ष आरशात ट्रेलरच्या मागच्या टोकाकडे असतं, पुढचा कोपरा बघायला कोणी नसतं.

पर्याय, आणि माझं मत

*स्थिर हिच.* हलका, स्वस्त, बिघडायला काही नाही. 8 फुटी हौद्याला उत्तम. आखूड हौद्यात फक्त तेव्हाच, जेव्हा वरची मोजणी खऱ्या ट्रेलरवर केली आहे आणि 4 इंच उरतात.

*हाताने सरकवायचा स्लायडर.* प्रवासात पाटा ॲक्सलच्या वर, वळवताना साधारण 10 ते 12 इंच मागे. आपल्या उदाहरणात 40चे 52 झाले, म्हणजे 51 इंचांपुढे काटकोनात जेमतेम एक इंच. 96 इंची ट्रेलर असता तर 4 उरले असते. रुंद ट्रेलरला हा स्लायडर "पुरतो" म्हणणाऱ्यांनी हा एक इंच लक्षात ठेवावा. साडेपाच फुटी हौद्यात तर तो बहुधा अपुराच पडतो.

वापरण्याची रीत अशी. सरळ, सपाट जागी थांबा. खाली उतरून हिचचा खटका सोडा. ट्रेलरचे ब्रेक कंट्रोलरवरून हाताने दाबून धरा आणि गाडी हळूच पुढे घ्या. ट्रेलर जागेवर राहतो, गाडी पुढे जाते, पाटा मागे सरकतो. खटका बसला का ते पुन्हा उतरून बघा. काम झालं की हेच उलट करून पाटा पुढे आणा. मागच्या जागेवर ठेवून हायवेला लागू नका: ओझं ॲक्सलच्या मागे गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ लागतं. खर्च वाचतो हे खरं. पण पावसात, अंधारात, मागे चार गाड्या खोळंबलेल्या असताना खाली उतरून खटका सोडण्याचा धीर किती जणांना असतो? मुद्दाम ठरवून उतरणाऱ्या शिस्तीच्या माणसाने हा घ्यावा.

*आपोआप सरकणारा स्लायडर.* पुलराइटचा सुपरग्लाइड आणि डेमकोचा ऑटोस्लाइड ही यातली ओळखीची नावं. ट्रेलर वळू लागला की वळण्याचीच ताकद वापरून पाटा मागे जातो, सरळ झाला की पुढे येतो. मोटर नाही, बटण नाही. हे जमण्यासाठी पाटा किंगपिनभोवती सैल फिरून चालत नाही, तो ट्रेलरसोबतच वळावा लागतो. त्यासाठी पिनबॉक्सच्या खाली एक पकडपट्टी कायमची बसवतात, आणि ती तुमच्या पिनबॉक्सच्या नेमक्या मॉडेलची असावी लागते. ऑर्डर देताना पिनबॉक्सवरच्या पट्टीवरचा क्रमांक विक्रेत्याला द्या. ट्रेलर बदलला की पट्टीही बदलते. मित्राचा ट्रेलर ओढायचा असेल तर त्यालाही पट्टी हवी.

वजनाला हा भारी असतो, किंमत साध्या हिचच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त, आणि घसरपट्ट्यांना वेळच्या वेळी ग्रीस लागतं. तरीही आखूड हौदा, रुंद ट्रेलर आणि नवा चालक असं त्रिकूट असेल तर मी हाच सुचवीन. मागच्या काचेसकट केबिनचा पत्रा दुरुस्त करून घेण्याचा खर्च एकदा विचारून बघा, मग किंमत तितकी टोचत नाही.

*फिरता पिनबॉक्स.* रीसचा साइडवाइंडर या जातीचा. यात बदल ट्रेलरच्या बाजूला होतो. हिच स्थिरच राहतो, किंगपिन पाचर मारून त्यात फिरू न देता बसवतात, आणि वळण्याचं केंद्र पिनपासून 22 इंच मागे जातं. आपल्या 40 इंचांच्या गाडीत केंद्र 62 इंचांवर, म्हणजे काटकोनाची चिंता मिटली. हौदा हलका राहतो हा मोठा फायदा. पण पाचर तुमच्या हिचच्याच मापाची लागते, आणि उलटं घालताना वळण जरा वेगळं जाणवतं. ट्रेलर तोच राहणार आणि गाडी कदाचित बदलणार असेल तर हा पर्याय शहाणपणाचा.

*बॉलवरचे हिच.* अँडरसनचा ॲल्युमिनियमचा अल्टिमेट हिच 40 पौंडांच्या आसपास भरतो, एकटा माणूस उचलून काढू शकतो. पेलोड काठावर असलेल्यांना हे दोनशे पौंड वाचणं फार मोलाचं. बॉलची जागा ॲक्सलच्या थोडी मागेपुढे ठेवता येते, पण मोठ्या स्लायडरइतकी सूट त्यात मिळत नाही. याच्याशी गल्लत करू नका अशी दुसरी वस्तू म्हणजे किंगपिनला खाली लांब नळी लावून फिफ्थ व्हीलचा गूजनेक (हौद्यातल्या बॉलवर वरून बसणारी जोडणी) करणारा अडॅप्टर. लांब नळीमुळे पिनबॉक्सवर आणि ट्रेलरच्या चौकटीवर पिळ वाढतो, आणि काही चौकट-उत्पादक अशा अडॅप्टरला वॉरंटी देत नाहीत. घ्यायचाच असेल तर चौकट बनवणाऱ्याकडून लेखी होकार मागा. दुकानदाराचं तोंडी "चालतं" कामाचं नाही.

हौद्यात बसवायचा कशावर

गाडीच्या मागच्या काचेतून हौद्यात बघा. चार गोल झाकणं आणि मध्ये एक भोक दिसलं तर कारखान्यातूनच हिचची तयारी करून आलेली आहे. त्याच मापाच्या पायांचा हिच घ्या, चार खटके फिरवले की बसतो. फोर्ड, जीएम आणि रॅम यांच्या झाकणांमधली अंतरं एकसारखी नाहीत, म्हणून "पक सिस्टिमचा" (म्हणजे या झाकणांत बसणारा) एवढ्यावर न थांबता गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून मागवा.

फक्त मधलं, बी अँड डब्ल्यूच्या गूजनेकचं भोक असेल तर त्याच कंपनीचा कंपॅनियन हिच त्यावरच बसतो आणि काढला की हौदा सपाट मोकळा. काहीच नसेल तर आडव्या रुळांची जोडी चौकटीला बोल्टने बसवावी लागते. त्यासाठी हौद्याला भोकं पाडतात. खाली ब्रेकच्या नळ्या, वायरी, टाकी असते, तेव्हा हे काम अनुभवी दुकानातच द्या. आत घातलेला सुटा प्लास्टिकचा लायनर हिचच्या पायांखालून कापावा लागतो. फवारलेला लायनर राहू द्या.

स्लायडर घेत असाल तर जोडणी आणि स्लायडर एकमेकांना जमतात का ते आधी बघा. प्रत्येक स्लायडर प्रत्येक पायावर मिळत नाही, आणि इथेच अर्धे पर्याय गळतात.

जबडा आणि डोकं

पिनला दोन्ही बाजूंनी वेढणारा जबडा घ्या. तो खडखड कमी करतो. डोकं फक्त पुढेमागे झुकणारं न घेता चारही बाजूंना झुकणारं घ्या, म्हणजे ओबडधोबड जागेत जोडताना आणि सोडताना अडत नाही. हिचची क्षमता ट्रेलरच्या कमाल वजनापेक्षा वरची असावी, आणि त्याची चाचणी एसएई जे 2638 या मानकानुसार झाल्याचा उल्लेख कागदावर असावा. पाट्यावर ग्रीस किंवा पिनवर प्लास्टिकची चकती, दोन्हींतलं एक पुरे. चकती ग्रीसपेक्षा स्वच्छ. (आपोआप सरकणाऱ्या आणि पकडपट्टीच्या हिचला काय लावायचं ते त्याच्या पुस्तिकेतच बघा.)

उंची

ट्रेलर जोडल्यावर जमिनीला समांतर उभा राहिला पाहिजे, आणि त्याच वेळी हौद्याच्या कडा आणि ट्रेलरचं पोट यांत निदान साडेपाच-सहा इंच फट हवी. चारचाकी ड्राइव्हच्या उंच गाड्यांत दोन्ही एकदम जमत नाही. तेव्हा फट आधी सांभाळा, आणि ट्रेलर नाक वर करून चालत असेल तर त्याचे ॲक्सल खाली घेण्याबद्दल दुकानात बोला. उंची बदललीत की सगळ्यात वरचा एसी मोजा: बहुतेक राज्यांत मर्यादा 13 फूट 6 इंच, आणि जुने पूल त्याहून ठेंगणे निघतात.

पहिली जोडणी

मोकळं पार्किंग गाठा, सोबत एक माणूस घ्या. आपल्याकडचा क्लीनर "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतो तसाच, पण याचं काम मागे बघण्याचं नाही, पुढचा कोपरा बघण्याचं.

ट्रेलरच्या चाकांना अडणी लावा. फाळका खाली. पिनची प्लेट हिचच्या पाट्यापेक्षा किंचित खाली ठेवा, म्हणजे गाडी मागे घेताना पाटा प्लेटला टेकून ट्रेलर थोडा उचलेल. प्लेट वर राहिली तर पिन जबड्यात न शिरता त्याच्या वर बसतो, सगळं जोडल्यासारखं दिसतं, आणि पहिल्याच झटक्याला ट्रेलर हौद्याच्या कडांवर कोसळतो. म्हणून जबडा बंद झाल्यावर टॉर्चने बघा: पाटा आणि प्लेट यांच्यात उजेड दिसता कामा नये. खटक्याची सुरक्षा-पिन घाला, वीज आणि ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) तार जोडा, फाळका लावा. मग पुढचे पाय जरासे जमिनीपासून वर घेऊन, ट्रेलरचे ब्रेक दाबून, गाडीने हळूच ओढा. सुटलं तरी पडण्याचं अंतर थोडं राहील. ओढ बसली की पाय पूर्ण वर आणि अडणी बाहेर.

आता वळवून बघा. दहा-दहा अंशांनी, दर वेळी थांबून. मदतनीस कोपरा आणि केबिन यांतली फट टेपने मोजेल. दोन्ही बाजूंना करा, कारण नाक आणि वरचे दिवे नेहमी सारखे नसतात. किती कोनापर्यंत जाता येतं ते कळलं की त्या स्थितीत आरशात ट्रेलर कुठे दिसतो, तिथे आरशाच्या कडेला पट्टी चिकटवा. फाळका बंद असताना पिनबॉक्स त्याच्यावरून जातो का, तेही याच वेळी बघून घ्या.

परतताना ट्रक थांब्यावरच्या कॅट स्केलवर, म्हणजे वजनकाट्यावर, उभे राहा. एकदा ट्रेलरसकट, एकदा नुसती गाडी. गाडीच्या दोन ॲक्सलांवर जितकं वाढलं, तितकं पिनचं खरं वजन. ते स्टिकरशी आणि ॲक्सलच्या मर्यादेशी ताडून पाहा.

परवान्याचं राज्यागणिक वेगळं असतं. कॅलिफोर्नियात 10,000 ते 15,000 पौंड जीव्हीडब्ल्यूआरच्या फिफ्थ व्हीलसाठी साध्या क्लास सी परवान्यावर वेगळी नोंद लागते, 15,000च्या वर बिगर-व्यावसायिक क्लास ए. टेक्सासात ट्रेलर 10,000च्या वर आणि दोन्हींची मिळून मर्यादा 26,001 किंवा जास्त असेल तर क्लास ए. ट्रेलरचं बुकिंग करण्याआधी आपल्या राज्याच्या मोटार खात्याचं पान वाचा, आणि हिच सेकंडहँड घेत असाल तर जबड्याची झीज, वेल्डिंगच्या रेषा आणि मूळ पुस्तिका पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.